करंजमाळच्या पावलांची वही

रंजिताच्या वहीतली चौदा जानेवारीची नोंद अशी होती:

"सकाळी ६.१० मामा गोठ्याकडे, डावा पाय ओढत. ६.४० आत्या आणि सात शेळ्या, एक लंगडी. ११.२० खालून दोन माणसं, पायांत बूट, एक अंगानं जाड. (फॉरेस्टवाले निघाले.) दुपारी काही नाही. संध्याकाळी ६.०५ बिबट्या, ओढ्याच्या अंगानं, थांबत थांबत. थाळ्या वाजवल्या. गेला. डोंगर: हालचाल नाही."

डोंगराची ओळ शेवटी होती. खरं तर ती एकच ओळ हवी होती. बाकीचं सगळं फुकटचं होतं, आणि फुकटचं जेवढं महाग पडतं तेवढं विकतचं कधी पडत नाही.

रंजिता ढेबे ही करंजमाळची सून. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागायचं, दुसऱ्या मोठ्या वळणावर गाडी उभी करायची आणि तासभर चढायचं, की धनगरांची नऊ घरं लागतात, ते करंजमाळ. तिचा नवरा जितेश बिरवाडीत तिघांबरोबर खोली घेऊन राहतो, कारखान्यात पाळीवर जातो, आणि पंधरा दिवसांनी वर येतो तेव्हा पैशांपेक्षा धुणं जास्त आणतो. वर सासरे भागोजी, म्हणजे वहीतले मामा, सासू चिमाबाई, म्हणजे आत्या, चार वर्षांची साक्षी, सात शेळ्या, तीन म्हशी. आणि घरांच्या पाठीमागं, डोंगराच्या अंगात, हातभर रुंदीची एक भेग. एका अतिवृष्टीत ती पडली, तेव्हापासून दर पावसाळ्यात तलाठी नोटीस आणून देतो: जोराचा पाऊस लागला की खालच्या शाळेत यावं. नोटीस माणसांना असते, शेळ्यांना नसते. त्यामुळं माणसं खाली जात नसत.

या भेगेसाठी सुधीरनं डबा केला होता. सुधीर त्रेपन्न वर्षांचा. बावीस वर्षं एका रसायनाच्या कारखान्यात वायुगळतीचे भोंगे दुरुस्त केले, मग नोकरी सोडून बिरवाडीत पत्र्याची शेड घेतली आणि स्वतःचे भोंगे करायला लागला. त्याच्याकडं माणूस एकच, गौतमी. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, महाडहून स्कूटरनं यायची. पगार अठ्ठावीस हजार; त्यात चहा करणं धरलेलं नव्हतं, पण ते तीच करायची, कारण सुधीरचा चहा पिऊन एक गिऱ्हाईक गेलं होतं.

डब्याचा जीव म्हणजे जमिनीची थरथर ऐकणारी एक चकती. ती एस्टोनियातली एक छोटी कंपनी करायची. दोन्ही देशांच्या सरकारांनी मिळून एक निधी काढला होता: इकडची एक कंपनी, तिकडची एक, दोघांनी मिळून माहिती-तंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं काही नवं करावं. दिल्लीनं दिल्लीच्या माणसाला द्यायचं, टॅलिननं टॅलिनच्या, एकमेकांच्या खिशात कुणी हात घालायचा नाही. दोन्हीकडचे मिळून सव्वा कोटी. ऐकायला बरं वाटतं. त्यातले सुधीरच्या वाट्याचे बावन्न लाख, तेही तीन हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्ता असा, की आधी खर्च करा, मग खर्च केल्याचा दाखला आणा, मग तो दाखला खरा असल्याचा दाखला आणा. सुधीरला पहिला हप्ता मिळाला तेव्हा त्याचा चष्म्याचा नंबर वाढलेला होता.

डबा बसवायला तो पहिल्यांदा वर गेला, तेव्हा भागोजीनं विचारलं होतं, "ही चकती खंयची म्हणालास?"

"एस्टोनियाची, बाबा. रशियाच्या शेजारी."

"मग लय डोंगर असतील तिकडं."

"नाय हो. सगळं सपाट."

"सपाट मुलखातली माणसं डोंगराचं यंत्र करतात?"

"म्हणून तर आपल्याकडं आलीत."

भागोजीनं मान हलवली. ज्याच्याकडं म्हैस नाही तोच दुधाचा भाव सांगतो, हे त्याला ठाऊक होतं.

तर, चूक सुधीरची. डबा भेगेपाशी पुरला, वर सोलरची पाटी लावली, रंजिताच्या हातात टॅब दिला. टॅबवर एक रेघ धावायची. जमीन थरथरली की रेघ उसळायची आणि टॅब वाजायचा. ती बारावी शिकलेली, पोलादपूरला कॉलेजचं एक वर्षही केलेलं. सुधीर तिला म्हणाला, "डबा जे ऐकेल ते लिहायचं. मनचं काही घालू नको, आणि गाळूही नको."

शहरातल्या कुणाला असं सांगितलं असतं, तर त्यानं शनिवारी बसून आठवड्याचं "हालचाल नाही" एकदम लिहून टाकलं असतं, आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण रंजिता धनगराची लेक. पाठमोरं बसून, मागून कुठलं जनावर चाललंय ते पावलावरून सांगणं, ही त्या घरांत हुशारी समजत नाहीत. न येणाऱ्याला वेडा समजतात. दोन आठवड्यांत तिनं टॅबवरची कुठली उसळी कुणाच्या पायाची हे लावून टाकलं. रेघ उसळली की आधी नाव लिहायचं, मग दारात जाऊन बघायचं. मार्चपर्यंत शंभरात चार चुका. त्याही तिनं लिहून ठेवल्या होत्या: "चुकलं. सुनीलभावजी समजले, पण डोक्यावर पोतं होतं म्हणून जड."

गौतमीनं त्या वहीचे फोटो वाचले आणि चहा तसाच गार केला. प्रकल्पाचं अर्धं वर्ष सरलं होतं, दोन्हीकडच्या परीक्षकांनी प्रत्यक्ष जागेवरच्या नोंदी मागवल्या होत्या. तिनं चार दिवस घालवून अख्खी वही इंग्रजीत केली, फॉरेस्टवाल्याच्या जाडीसकट. वर नाव घातलं: नोंदी, रंजिता जितेश ढेबे. त्या पानाचा फोटो तिनं रंजिताला पाठवला. रंजितानं तो मोबाइलवर लावून ठेवला, देवीच्या फोटोच्या जागी. चिमाबाई दोन दिवस बोलली नाही. देवी तिची होती.

एप्रिलच्या शेवटी टीनाचा व्हिडिओ कॉल आला. टीना ही एस्टोनियाच्या कंपनीची बाई. कमी बोलणारी, आणि बोलली की तोलून. तिनं आधी वहीचं कौतुक केलं. असं काम विद्यापीठातली माणसं दोन वर्षांत करत नाहीत, म्हणाली. सुधीरनं खुर्ची मागं सरकवली. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला एवढं कळलं होतं, की साहेबानं कौतुकानं सुरुवात केली की पाकीट सांभाळायचं.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"थांबा सर, सांगते," गौतमी म्हणाली. तिचा चेहरा पडत चालला होता. "त्यांच्याकडं निर्यातीवर नजर ठेवणारं सरकारी खातं आहे. ते म्हणतात, डोंगर ऐकणारं यंत्र वेगळं. पण माणसं किती, वजनानं केवढी, कुणाचा पाय दुखतोय, हे सांगणारं यंत्र दुहेरी वापराचं. म्हणजे गावालाही कामाचं आणि लष्करालाही. ते या निधीतून पाठवता येत नाही. परवाना काढायला नऊ महिने."

"यंत्र नाय सांगत ते. रंजिता सांगते."

गौतमीनं ते सांगितलं. टीना प्रथमच हसली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, रंजिताला त्यांचे नियम लागू नाहीत. पण तिची वही यंत्राला शिकवता येते. म्हणून."

वाटा दोन होत्या. पहिली: डबा पावलांना बहिरा करायचा. ठरावीक वेगाच्या वरची थरथर त्यानं आतल्या आतच टाकून द्यायची, डोंगराचं तेवढं ऐकायचं. वही नष्ट करायची, तसं लिहून द्यायचं, खाली वापरणाऱ्याची सही. मग बारापैकी उरलेल्या अकरा चकत्या जूनच्या मध्यापर्यंत येतील. दुसरी: तिकडं सुरक्षेच्या कामाचा वेगळा निधी होता, याच्या तीनपट. त्यांना ही वही आणि ती लिहिणारी बाई दोन्ही हवी होती. पण ते डबे त्यांच्या हद्दीवरच्या जंगलात लागणार. करंजमाळ त्यात नाही.

कॉल संपला. गौतमी म्हणाली, "सर, तीनपट म्हणजे आपल्याला..."

"मला गुणाकार येतो गं."

शेडचा पत्रा तापला होता. सुधीरनं हिशेब मनातच केला: नवी शेड, दुसरा इंजिनिअर, गौतमीचा पगार, मुलीच्या फीचं शेवटचं वर्ष. सगळं बसत होतं. न बसणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भेग.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं वर चढली. सुधीर तीनदा थांबला. "गुडघा," तो म्हणायचा, पण गौतमीला कळत होतं की गुडघ्यावरचं ओझं कागदांचं होतं. वाडीपाशी पोचायच्या आधीच रंजिता ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. "तुमी आलाव ते कळलं. दोघं हाव, आणि दादा, तुमचा उजवा गुडघा गेला."

मांडवाखाली बसून सुधीरनं सगळं सांगितलं. दोन्ही वाटा, जशाच्या तशा. सांगता सांगता त्याला वाटलं, एक गाळली असती तरी चाललं असतं. पण तोवर सांगून झालं होतं.

पहिली बोलली चिमाबाई. "म्हंजे बिबट्या आला तर डबा गप?"

"गप."

"आणि डोंगर आला तर?"

"ओरडेल."

"चार महिन्यांत माझं एक करडू गेलं नाय. डबा आल्यापासनं. आधी दर महिन्याला एक जायचं." ती सुनेकडं वळली. "ऐकतेस काय गो?"

रंजिता ऐकत होती. ती म्हणाली, "दुसऱ्या वाटेनं गेलाव तर मला काय?"

"मानधन. नाव. कदाचित तिकडं बोलावतील."

"इमानानं?"

"विमानानं."

"आणि इथला डबा?" भागोजीनं विचारलं.

"तोही न्यावा लागेल, बाबा. तो या प्रकल्पाचा."

"वारे तुझा प्रकल्प. डोंगर आमचा, पाय आमचे, बिबट्या आमचा, आणि डबा तेवढा त्यांचा." भागोजी हसला, पण तंबाखू मळणं थांबलं होतं. "आणि रे, तीनपट म्हंजे तुलाही तीनपट?"

"हां."

"मग वर कशाला आलास? वहीचे फोटो हायत तुमच्यापाशी."

"सही लागते. हिची."

"म्हंजे सही लागत नसती तर आला नसतास."

गौतमी जमिनीकडं बघायला लागली. सुधीरनं ताक संपवलं, तांब्या उपडा ठेवला. "खरं सांगू का बाबा? नसतो आलो बहुतेक."

यावर भागोजीनं त्याला तंबाखू दिली. खरं बोलणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तेवढंच जवळ होतं.

रंजिता उठून आत गेली. मागच्या भिंतीला लागून साक्षी झोपली होती. दुपारी ती तिथंच झोपायची, भिंत गार म्हणून. भिंतीपलीकडं बारा पावलांवर भेग. ही बारा पावलं रंजितानंच एकदा वहीत मोजून लिहिली होती. ती वही घेऊन बाहेर आली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे मऊ झालेली.

"काय लिवलंय कागदावर, वाचा."

गौतमीनं वाचलं. "या यंत्राचा उपयोग मी फक्त डोंगराच्या हालचालीसाठी करीन. इतर कशासाठी करणार नाही, करू देणार नाही. इतर सर्व नोंदी नष्ट केल्या आहेत."

"म्हंजे मी चूक केली."

"चूक असं नाही गं लिहिलेलं."

"नष्ट केलं असं लिवलंय ना? बरोबर असलेलं कोण नष्ट करतं?"

गौतमीनं कागद पुन्हा वरून खाली वाचला. पदवीत तो विषय नव्हता.

"आणि वरचं माझं नाव?"

"नव्या अहवालात 'स्थानिक वापरकर्ता' असं येईल."

"आणि तिकडं त्या बाईकडं गेलेली?"

"त्यांनी डिलीट केली, असं कळवलंय."

"कागद तरी जळताना दिसतो. डिलीट केलेलं कोण बघायला गेलंय?" रंजिता म्हणाली. मग पेन मागितलं. तीन ठिकाणी सही होती, तिन्ही केल्या. तिसरी करताना म्हणाली, "अकराच्या अकरा येणार ना? सातआठ देऊन गप बसाल तर मी परत सगळ्यांची पावलं लिवीन. तुमची पण."

"अकरा," सुधीर म्हणाला.

"मग घ्या." तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली. "माझ्या चुलीत नको. त्यावर आमी भाकऱ्या करतो."

सुधीर ती पिशवीत घालून उतरला. उतरताना तो एकदाही थांबला नाही.

वही बिरवाडीत शेडच्या मागं जाळली. टॅलिनला पुरावा हवा होता, म्हणून जळतानाचे फोटो काढावे लागले: आधी, मध्ये, नंतर, प्रत्येकावर तारीख-वेळ. मधल्या फोटोत वाऱ्यानं एक पान उलटलं होतं आणि "लंगडी" हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. गौतमीनं तो फोटो बदलला. नोंदी नष्ट केल्याच्या दाखल्याचा खर्च, नोटरीसकट, तीनशे सत्तर रुपये. तो कुठल्या सदरात टाकायचा यावर दिल्लीशी चार ईमेल झाले. शेवटी तो "किरकोळ"मध्ये गेला.

चकत्या एकोणीस जूनला आल्या. अकराच. टीना शब्दाची पक्की होती. चिखलातून डबे वर न्यायला वाडीतली माणसं होती, जितेशही एक पाळी बुडवून आला. भेगेच्या दोन्ही अंगांनी डबे पुरले, भोंगा उंबराच्या फांदीवर चढवला. रंजिता आपल्या पायांनी डब्यांवरून चालून बघत होती, टॅबकडं बघत. रेघ सरळ. तिनं उडी मारली. रेघ सरळ. साक्षीलाही उड्या मारायला सांगितल्या.

"नाय ऐकत," ती म्हणाली.

"तसंच केलंय," गौतमी म्हणाली.

"चांगलं केलंय गो. चांगलंच केलंय."

बावीस जुलैला दुपारी चार वाजता भोंगा वाजला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. टॅबवर भेगेच्या वरच्या अंगाला हालचाल दिसत होती, आणि रंजितानं कुणाला विचारलं नाही. आधी साक्षीला उचललं, मग घराघरांत हाका मारल्या. नऊ घरांतली एकतीस माणसं पाऊण तासात खालच्या शाळेत पोचली. म्हशी नेल्या. शेळ्या पावसात निसरड्यावर उतरेनात, म्हणून गोठ्यात कोंडल्या. त्या शाळेत एवढी माणसं एवढ्या लवकर कधीच आली नव्हती. तलाठ्यानं उभ्या उभ्या फोटो काढून वर पाठवले.

डोंगर चार मिलिमीटर हलला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर सगळी वर गेली. घरं उभी होती. भिंती उभ्या होत्या. गोठ्याच्या कुडाला भगदाड होतं आणि आत दोन शेळ्या कमी होत्या. तिसरी, ती लंगडी, मान मोडून पडली होती.

भागोजी कुडापाशी बसला. "सांगितला तो आला नाय," तो म्हणाला, "आणि आला तो सांगितला नाय."

दुपारी गौतमीचा फोन आला. उंबराखाली रेंज असते, रंजिता तिथं जाऊन बोलली. गौतमी खूश होती. टॅलिनहून टीनाचा निरोप आला होता, दिल्लीहूनही. इशारा वेळेत गेला, माणसं वेळेत उतरली, तिसऱ्या हप्त्याला आता कुणी आडवं येणार नाही. फक्त कालची नोंद हवी, अहवालात जोडायला. रंजितानं छापील वही उघडली. शेडमधून आलेली, चार रकान्यांची.

"सांग," गौतमी म्हणाली.

"इशारा, एक. वेळ, चार वाजून दोन मिनिटं. हालचाल, चार मिलिमीटर."

"नुकसान?"

रंजितानं गोठ्याकडं पाहिलं. चिमाबाई मेलेल्या शेळीवर गोणपाट घालत होती. सातांतल्या चारच शेळ्या उरल्या होत्या, हे तिला मोजायची गरज नव्हती. रकाना एका बोटाएवढा रुंद होता.

"नाय," रंजिता म्हणाली.

चिमाबाईनं वळून बघितलं. "काय नाय गो?"

"डोंगरानं केलेलं, आत्या. तेवढंच विचारतात."

"आणि आपलं?"

रंजितानं वही मिटली, पदरानं टॅबवरचं पाणी पुसलं आणि कुड बांधायला काठ्या शोधायला गेली.